आरक्षण ‘व्यपगत’ होतं म्हणजे नक्की काय होतं? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या उपनगरातल्या एका भूखंडावरचा ‘खेळाच्या मैदानासाठी आरक्षित’ असा गंजका फलक गेल्या आठवड्यात उतरला आणि भोवती निळे पत्रे उभे राहिले. चौकशी केली तर उत्तर एका शब्दाचं: व्यपगत. म्हणजे पालिकेने मुदतीत जमीन घेतली नाही, म्हणून आरक्षण आपोआप संपलं आणि जागा मालकाला मोकळी झाली. शब्द इतका गुळगुळीत की कुणी काही केलंच नाही असं वाटावं. खरंच कुणी काही केलेलं नसतं, तीच तर तक्रार आहे.

एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२७ आपल्याला सांगायला नको, तरी सांगतो. शहराचा विकास आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटली आणि आरक्षित जमीन ताब्यात आली नाही, की मालक मालकीच्या कागदांसह पालिकेवर खरेदी सूचना, म्हणजे ‘आता जमीन घ्या’ अशी नोटीस, बजावू शकतो. आवक टेबलावर शिक्का पडला की जमीन घ्यायची मुदत सुरू. पूर्वी ६ महिने मिळायचे, मग १२ झाले, २०१५च्या दुरुस्तीने २४. मुदत चौपट झाली म्हणून मैदानं वाचतील, असं आम्हाला वाटलं होतं. आता फाइल चौपट ऐटीत फिरते, एवढाच फरक.

फिरते कशी, तेही बघा. विकास नियोजन खातं कागद तपासतं, इतर खात्यांचे अभिप्राय मागवतं. प्रस्ताव नगरसेवकांच्या सुधार समितीपुढे येतो आणि ‘राखून ठेवला’ जातो. मग जागेची पाहणी, मग बैठक तहकूब, मग महासभा. तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे. मोजणी होते, मिळकत पत्रिकेतलं क्षेत्र जागेवरच्या क्षेत्राशी जुळत नाही, म्हणून पुन्हा मोजणी. मेख इथेच आहे. ठराव झाला, पत्र गेलं, की सगळे निवांत. पण नुसता ठराव किंवा शासनाकडे धाडलेला अर्ज पुरत नाही, संपादनाची घोषणाच मुदतीत निघावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ सालीच सांगितलंय. त्यालाही आता किती वर्षं झाली, मोजा.

पैसे नाहीत म्हणता? २०२५-२६चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. जमीन महाग आहे, मान्य. ५,००० चौरस मीटरचा भूखंड धरा, बाजारभाव मीटरला १ लाख. झाले ५० कोटी. २०१३च्या भूसंपादन कायद्याने त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे एकूण १०० कोटी. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, म्हणजे एक वर्ष फाइल झोपली की ६ कोटी गेले. या झोपेचं भाडं आम्ही भरतो. आणि त्याच जागेवर झोपड्या असल्या तर किंमत मोजूनही मैदान मिळत नाही, पुनर्वसनाचा खर्च वेगळाच. मोकळा भूखंड हातचा जाऊ द्यायचा आणि अडकलेल्यावर कोटी ओतायचे, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

मुंबईत माणशी दीड चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा नाही. एका सिंगल कॉटला याहून जास्त लागते. (उभं राहायची सवय आम्हाला लोकलने लावलीच आहे.)

त्यात मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ना समिती होती ना महासभा. प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं प्रशासन एकच, प्रश्न विचारायला नगरसेवकच नाही. आता २२७ जण निवडून आलेत. तेव्हा प्रस्ताव ‘राखून’ ठेवायला माणसं पुन्हा हजर आहेत, अभिनंदन! बिल्डरचा वकील शिक्क्याची तारीख डायरीत लिहून ठेवतो. जनतेच्या बाजूने ती डायरी कोण ठेवतं?

मागणं फार नाही. प्रत्येक खरेदी सूचना आली त्या दिवशी भूखंडाचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, आरक्षण आणि मुदत संपायची तारीख संकेतस्थळावर टाका. प्रस्ताव एकदाच राखून ठेवता येईल, तोही कारण लिहून, असा नियम करा. भूसंपादनाची तरतूद दुसरीकडे वळवायला बंदी घाला.

मुंबईचा २०३४पर्यंतचा विकास आराखडा १ सप्टेंबर २०१८ला लागू झाला. म्हणजे सप्टेंबर २०२८पासून खरेदी सूचनांची रांग लागेल. तोवर न घेतलेल्या मैदानांची आणि बागांची वॉर्डनिहाय यादी आपल्या टेबलावर आहे का, हे लेखी कळवावं. ‘अभिप्राय मागवले आहेत’ असं उत्तर कृपया पाठवू नये.

आपला,
मुंबईतला एक करदाता