चुंबक चिकटलं म्हणून स्टील नापास?

संपादक महोदय,

सव्वीस वर्षं झाली, वाळूज एमआयडीसीत स्टेनलेसच्या टाक्या करतो. मागच्या महिन्यात एका कारखान्याने आमची गरम पाण्याची टाकी गेटवरूनच परत पाठवली. तपासायला आलेल्या माणसाने खिशातलं चुंबक पत्र्याला लावलं, ते खट्कन चिकटलं, आणि चलनावर शेरा पडला: ‘माल स्टेनलेस नाही.’

टाकी २२०५ ग्रेडच्या डुप्लेक्स स्टेनलेसची होती. या स्टीलच्या आतल्या रचनेत साधारण निम्मं फेराइट आणि निम्मं ऑस्टेनाइट असतं. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही, पण फेराइटला चिकटणारच. क्रोमियम २२ टक्के, निकेल ५, मॉलिब्डेनम ३ च्या आसपास आणि थोडा नायट्रोजन. नेहमीचं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस जवळपास सगळं ऑस्टेनाइट; त्यात क्रोमियम १८, निकेल ८ आणि मॉलिब्डेनम नाहीच.

डुप्लेक्स सुचवलं ते मीच. त्याच कारखान्यातली जुनी ३०४ ची टाकी गळायला लागली तेव्हा मला बोलावलं होतं. पाणी बोअरचं, खारं, आणि ऐंशी अंशांपर्यंत तापवलेलं. तडे शोधायचा लाल रंग (डाय) लावून पुसली, वर तड्यात शिरलेला रंग दाखवणारा डेव्हलपर मारला, तर वेल्डिंगच्या कडेने बाभळीच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा उमटल्या. बाहेरून पत्रा नव्यासारखा चकचकीत. क्लोराइड, उष्णता आणि वेल्डिंगमुळे पत्र्यात राहिलेला ताण एकत्र आले की ३०४ असं तडकतं. डुप्लेक्स या बाबतीत कितीतरी टिकाऊ. शिवाय ताकद दुपटीहून जास्त, त्यामुळे पत्रा पातळ घेता येतो. तीनशे अंशांच्या वर मात्र ते वापरू नये, ठिसूळ होतं. पण गरम पाण्याच्या टाकीत तो प्रश्नच येत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. बाजारात कमी निकेलचं, मँगनीज घातलेलं २०० सिरीजचं स्वस्त स्टील मिळतं. त्याला चुंबक चिकटत नाही, म्हणजे या परीक्षेत ते पास! आणि चांगल्या ३०४ चा पत्रा दाबून डिश एंड (टाकीचं फुगीर टोक) केला, तर तिथे चुंबक थोडं धरतं. मग या चाचणीने कळलं काय?

प्रत्येक प्लेटवर हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा क्रमांक) असतो, तो स्टील बनवणाऱ्या मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तरीही शंका राहिली, तर ॲनालायझर गन लावून पत्र्यातलं क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम जागेवरच मोजता येतं. मराठवाड्यातल्या कारखान्यांच्या खरेदी विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘चुंबक चिकटता कामा नये’ ही अट ऑर्डरमधून काढा आणि त्या जागी ग्रेड नंबर लिहा.

– एक फॅब्रिकेटर, वाळूज (छत्रपती संभाजीनगर)