आमच्या अभ्यासिकेच्या दादांना जाहीर धन्यवाद

प्रिय दादा,

वाचनालयाच्या अभ्यासिकेत आज पोरं एमपीएससीचे सराव पेपर सोडवतात, ऑनलाइन अर्ज भरतात, ते तुमच्यामुळे. स्वतःचं दुरुस्तीचं दुकान सांभाळून, मजुरीचा एक रुपया न घेता तुम्ही हे उभं केलंत. तोंडी आभार मानलेच होते. पण तुमची समज इतर वाचनालयांच्याही उपयोगी पडावी, म्हणून हे पत्र.

देणगी हाती आली तेव्हा कार्यकारिणीत चर्चा एकच : एवढ्यात नवे पीसी किती बसतील? तुम्ही विचारलंत, "पोरं त्यावर करणार काय?" ब्राउझर, पीडीएफ, मराठी टायपिंग. मग टेबलागणिक हार्ड डिस्क हवी कशाला? पैसा एका दणकट सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना पुरणाऱ्या मुख्य संगणकावर घाला, टेबलांवर कंपन्यांनी काढलेले जुने थिन क्लायंट, म्हणजे त्या सर्व्हरच्या जिवावर चालणारे छोटे संगणक-डबे ठेवा, हा सल्ला तुमचाच.

खरं कसब डब्याच्या निवडीत दिसलं. डेल वाइज ३०४० स्वस्त आणि इवलासा, पण रॅम २ जीबी आणि तीही बोर्डावरच पक्की बसवलेली. त्यातही ५ व्होल्टचा वेगळा, १२ व्होल्टचा वेगळा. अॅडाप्टर जुळतो का हे आधी पाहायचं. एचपी टी६२० थोडा महाग, पण पंखा नाही, म्हणजे आमची धूळ आत ओढली जाणार नाही, आणि रॅम वाढवता येते. तुम्ही तोच घ्यायला लावलात. जुन्या व्हीजीए जोडणीचे मॉनिटर वाया जाऊ नयेत म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून कनव्हर्टरही आणलेत.

सगळं चालतं एलटीएसपीवर, म्हणजे एका सर्व्हरवरून अनेक संगणक लिनक्स या मोफत प्रणालीवर सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ साली सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला. जुन्या पद्धतीत प्रोग्राम सर्व्हरवर चालायचा आणि टेबलावर फक्त चित्र यायचं. व्हिडिओ लावला की अडखळायचा. आता लिनक्स नेटवर्कवरून येतं, पण ब्राउझर टेबलावरच्या प्रोसेसरवर चालतो. ४ जीबी रॅमचा तुमचा हट्ट का होता, ते तेव्हा कळलं.

डबे सर्व्हरला जोडणाऱ्या नेटवर्क केबलचं काम तुम्ही दहावीच्या दोन मुलींना शिकवलंत. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी : तारा सरळ करून, टोकं एका रेषेत कापून, कनेक्टरच्या तळाला टेकल्याची खात्री करूनच क्रिम्परचा, म्हणजे कनेक्टर पक्का करणाऱ्या पकडीचा दाब. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले तेव्हा त्या टाळ्या वाजवत होत्या. आता केबल खराब झाली तर आम्ही त्यांनाच हाक मारतो.

आणि वीज! एक डबा जेमतेम दहा-पंधरा वॅट खातो. लाइट गेली तरी सर्व्हर यूपीएसवर तगतो. डबे बंद पडले तरी त्यांच्यात बिघडायला डिस्कच नाही, पोरांच्या सेव्ह केलेल्या फायली सर्व्हरवर शाबूत.

बोर्डाच्या परीक्षा संपल्या की शेजारच्या गावचे ग्रंथपाल हे पाहायला येणार आहेत. त्या दिवशी जमवाच, दादा. त्यांना सर्व्हर कुठला घ्यावा, हे तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता