पंधरा नंबरचा कॅचर

महोदय,

शोहेई ओहतानीने एकाच सामन्यात दोन होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारल्याची बातमी आपल्या क्रीडा पानावर फोटोसकट पाहिली. १५ मे २०२५, लॉस एंजेलिस डॉजर्स विरुद्ध ॲथलेटिक्स, १९-२. मराठी पेपरात बेसबॉलला जागा मिळाली याचाच इतका आनंद झाला की तक्रार करायला जीव होत नाही. तरी करते. त्या सामन्याला मी होते, आणि माझ्या डोक्यात ओहतानी नव्हता. आदल्या दिवशी संघातून काढलेला ऑस्टिन बार्न्स होता.

बार्न्स हा डॉजर्सचा दुसरा कॅचर होता; कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक. पहिला विल स्मिथ. दुसरा म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना क्रिकेटच्या भाषेत सांगते. किरण मोरेच्या काळात चंद्रकांत पंडितच्या वाट्याला पाचच कसोट्या आल्या, तशातला प्रकार. फरक एवढाच की इथे सहा महिन्यांत १६२ सामने असतात आणि कॅचरला प्रत्येक चेंडूला उकिडवं बसावं लागतं, एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा. कितीही तगडा असला तरी हे एका माणसाच्या गुडघ्यांचं काम नाही, म्हणून आठवड्यातून एकदा-दोनदा दुसरा बसतो. माझा मुलगा लहानपणी लिटल लीगमध्ये कॅचर होता. त्याच्या नडगीवरच्या पॅडचे पट्टे मागून मी आवळून द्यायची. घरी आला की सोफ्यापर्यंतसुद्धा जायचा नाही, दारातच जमिनीवर आडवा व्हायचा. दहा वर्षांचं पोर ते. बार्न्स तेव्हा पस्तीस वर्षांचा होता.

आणि नुसतं बसून भागत नाही. चेंडू स्ट्राइकच्या चौकटीच्या (तिच्यातून गेलेला चेंडू फेकणाऱ्याच्या बाजूने मोजतात) जेमतेम बाहेर आला, तर ग्लोव्ह इतका अलगद आत आणायचा की मागे उभ्या अंपायरला तो आतच आला असं वाटावं. हातचलाखीच ती, पण नियमात बसणारी. बार्न्स यात फार वाकबगार होता. टीव्हीवर सावकाश दाखवतात तेव्हा बघावं, मनगट हललेलं दिसतसुद्धा नाही. मुलाने हे त्याचं बघून बघून उचललं आणि मी बेसबॉल शिकले ते मुलाकडून, म्हणजे एका अर्थी आमच्या घरात हा खेळ बार्न्सनेच आणला.

२०१५ पासून तो डॉजर्सकडे होता. मायामीशी झालेल्या अदलाबदलीत आला होता. २०१७ मध्ये फलंदाजीची सरासरी ०.२८९, इतकी चांगली की मोसमाअखेरच्या बाद फेरीत पहिल्या कॅचरला बसवून यालाच खेळवलं. मग बॅट रुसली. २०१९ मध्ये विल स्मिथ वर आला आणि याची रवानगी काही काळ खालच्या लीगमध्ये, ओक्लाहोमा सिटीला झाली. तिथून परत आला तो कायमचा दुसरा होऊन. कधी तोंड वेंगाडल्याचं मला तरी आठवत नाही.

आता २०२० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका. कोविडमुळे सगळे सामने टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला झाले. तिसऱ्या सामन्यात या माणसाने एक धाव बंटवर मिळवून दिली, म्हणजे बॅट नुसती पुढे धरून चेंडू टपकवला आणि तिसऱ्या बेसवरचा (म्हणजे धाव पुरी व्हायला एकच टप्पा उरलेला) गडी घरी आला. नंतर त्याच सामन्यात होमरनही मारला. वर्ल्ड सिरीजच्या एकाच सामन्यात या दोन्ही गोष्टी करणारा तो इतिहासातला दुसराच. पाचव्या सामन्यात आमचा क्लेटन कर्शॉ पिचिंग करत (चेंडू फेकत) असताना समोरच्या टँपा संघाच्या मॅन्युएल मार्गोने चक्क होम प्लेटच, म्हणजे शेवटचा टप्पाच, चोरायची (फलंदाजाने चेंडू न मारताच पळत गाठायची) धाव घेतली. कर्शॉने चेंडू घरी फेकला आणि बार्न्सने मार्गोचा हात प्लेटला लागायच्या आत त्याला टिपलं. आम्ही घरात इतके ओरडलो की शेजारच्या मेक्सिकन आजी काळजीने बाहेर आल्या. (बार्न्सवर त्यांचाही हक्क आहे. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये तो मेक्सिकोच्या संघात होता आणि उपांत्य सामन्यात त्यांना ६-५ ने हरवलं कुणी, तर ओहतानीच्या जपानने.)

सहावा सामना तर मी कधी विसरायची नाही. डॉजर्स ०-१ ने मागे. टँपाचा ब्लेक स्नेल असा पिचिंग करत होता की आमचे मोठमोठे फलंदाज हात हलवत परतत होते, नऊ जणांना त्याने स्ट्राइकआउट केलेलं. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना नवव्या क्रमांकावरचा बार्न्स आला आणि मधून साधा सिंगल (एका बेसचा फटका) मारला. बास. पण तेवढ्यावर टँपाच्या मॅनेजरने ७३ चेंडूंवर स्नेलला काढलं. त्याची छी-थू लोक अजून करतात. मुकी बेट्सने लगेच डबल मारला, वाइल्ड पिचवर (कॅचरच्या हाती न लागलेल्या चेंडूवर) बार्न्स पळत घरी आला, बरोबरी झाली, पाठोपाठ आघाडी. डॉजर्सना ३२ वर्षांनी विजेतेपद मिळालं. शेवटचा स्ट्राइक बार्न्सच्याच ग्लोव्हमध्ये पडला. त्याने काय केलं ठाऊक आहे? सगळे मैदानात धावत असताना तो चेंडू शांतपणे विजारीच्या मागच्या खिशात टाकला आणि मग पिचरकडे धावला. बाजारात सुटे पैसे खिशात टाकून माणूस पुढे चालू लागतो, तसा.

त्या रात्री स्नेलला हिट मारणारे दोघेच होते, बार्न्स आणि ख्रिस टेलर. २०२५ मध्ये १४ मे रोजी बार्न्सला काढलं, १८ मे रोजी टेलरला. आणि स्नेल? त्याच्याशी डॉजर्सनी पाच वर्षांचा १८२ दशलक्ष डॉलरचा करार केला आहे. तेव्हा खांदा दुखावून बसला होता. यावर मी काय बोलणार!

काढणं चूक होतं असं मी म्हणत नाही. भावनेच्या भरात लिहिलेलं पत्र आपण केराच्या टोपलीत टाकाल म्हणून हे स्पष्टच लिहिते. २०२५ च्या १३ सामन्यांत त्याची सरासरी ०.२१४ होती. २०२३ मध्ये तर ती ०.१८० वर गेलेली (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिलवॉकीविरुद्धचा सामना त्याच्या एकट्याच्या होमरनवर १-० ने जिंकला होता, ते जाऊ दे). हातातला जोरही गेला होता. समोरच्या संघाचे गडी त्याच्यावर बिनदिक्कत बेस चोरायचे आणि मी टीव्हीसमोर डोळे मिटून घ्यायची. त्याच्या जागी आलेला डाल्टन रशिंग तेव्हा २४ वर्षांचा होता, बॅट सणसणीत, त्याला खालच्या लीगमध्ये किती दिवस कुजवणार? मॅनेजरच्या खुर्चीत मी असते तर मीही हेच केलं असतं. माझं दुखणं वेगळंच आहे.

एक म्हणजे ज्या शब्दांत हे होतं ते. या कारवाईला इथे असं गुळगुळीत सरकारी नाव आहे की वाचणाऱ्याला वाटावं, गृहस्थाची बदली झाली. प्रत्यक्षात अर्थ असा की चाळीस जणांच्या यादीतून तुझं नाव खोडलं. आता सात दिवसांत दुसरा कुठला संघ घेतोय का बघू, नाही तर तू मोकळा. अकरा मोसम आणि विजेतेपदाच्या दोन अंगठ्या झालेल्या माणसाला हे बुधवारी कळतं आणि गुरुवारी त्याच्या जागी दुसरा बसलेला असतो.

दुसरं, वेळ. कर्शॉ २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पायाच्या आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करून बसला होता. तो २०२५ मध्ये पहिल्यांदा खेळायला उतरला १७ मे रोजी. बार्न्स गेल्यावर तीनच दिवसांनी! संघातले सगळ्यात जुने हे दोघेच उरले होते, आणि कर्शॉचे चेंडू घ्यायला वर्षानुवर्षं बहुतेकदा बार्न्सच बसायचा. कर्शॉने त्या दिवशी चार इनिंगमध्ये पाच धावा दिल्या. बार्न्स असता तर कमी दिल्या असत्या, असा माझा दावा नाही. पण तीन दिवस, संपादक महाशय, तीन दिवस थांबायला काय हरकत होती? घरातली जुनी बाई काम सोडून जाणार असेल तर आपणसुद्धा म्हणतो, अगं, एवढा गणपती होऊ दे, मग जा.

१५ तारखेला ओहतानीची मान डोलावणारी बाहुली फुकट मिळणार होती, म्हणून स्टेडियमच्या चढावर दुपारपासून रांग. मी बार्न्सचा पंधरा नंबरचा निळा शर्ट मुद्दाम घालून गेले होते. रांगेत चारी बाजूंना ओहतानीचे १७ नंबर. बाहुली वाटणाऱ्या पोराने माझ्या शर्टाकडे बघून छातीवर हात ठेवला आणि मला दोन बाहुल्या दिल्या. एक मुलासाठी ठेवली आहे.

हे पत्र छापून येईपर्यंत बार्न्सचं काय ते ठरलेलं असेल. मला काळजी नाही. जुलै आला की सगळ्यांचेच गुडघे बोलायला लागतात, कुठल्या ना कुठल्या संघाला दुसरा कॅचर लागतोच. १९५८ मध्ये डॉजर्स आणि सान फ्रान्सिस्को जायंट्स हे दोन्ही संघ न्यूयॉर्कहून इकडे आले ते भांडण बरोबर घेऊनच, तेव्हा तो संघ जायंट्स नसला म्हणजे मिळवली. बाकी कुठेही जा बाबा, सुखाने खेळ.

आपली एक वाचक,
(मूळची डोंबिवलीची)
सेरिटोस, कॅलिफोर्निया