मयताचा पगार त्याच्याच पॅनवर दाखवा

संपादक महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत कुणी नोकरीत असतानाच गेला, की राहिलेला पगार नॉमिनीच्या, बहुतेकदा पत्नीच्या खात्यावर जमा होतो. इथवर बरोबर. घोळ पुढे होतो. पैसे तिला दिले म्हणून टीडीएसच्या (पगारातून कापलेल्या कराच्या) तिमाही विवरणपत्रात पॅनही तिचाच टाकतात आणि कारखान्याचं गेटही न पाहिलेल्या बाईच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तिच्या वार्षिक उत्पन्नाच्या माहितीपत्रकात, पगार उमटतो. मृत्यूच्या दिवसापर्यंतचा पगार हे मयताचं उत्पन्न. पैसे कुणाच्याही हाती पडोत, पॅन त्याचाच लागतो. चूक झालीच तर दुरुस्ती विवरणपत्र कारखान्यानेच भरायचं; घरच्यांच्या हातात ते नसतं.

दुसरा मुद्दा जास्त कापलेल्या कराचा. महिना १ लाख ४० हजार पगार असेल तर नव्या करप्रणालीत, वर्षभराचा अंदाज धरून, महिन्याला सुमारे १०,४९० रुपये कापले जातात. माणूस ऑक्टोबरअखेर वारला तर एप्रिलपासूनच्या सात महिन्यांचे ९ लाख ८० हजार. ७५ हजारांची प्रमाणित वजावट (ही पूर्ण मिळते, महिन्यांच्या हिशोबात नाही) गेली की ९ लाख ५ हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर १२ लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. तरी सप्टेंबरपर्यंतचे जवळपास ६३ हजार सरकारजमा झालेले! ऑक्टोबरच्या पगारातून मग काहीच कापू नये. आधीचे परत मिळवायला पत्नीने आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करून मयताच्या पॅनवर रिटर्न भरावं. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो. त्यासाठी कोर्टाच्या वारस दाखल्याचीच वाट पाहायला नको; हयात कुटुंबीयांचा दाखलाही चालतो. रिफंड येईपर्यंत मयताचं पॅन मात्र रद्द करू नये. शेजारीपाजारी नेमकं तेच आधी करायला सांगतात.

शिल्लक रजेचे पैसे वारसांच्या हाती करमुक्त असतात, ते करपात्र पगारात मिसळू नयेत. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नाही. आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी संपल्याचं कारण ‘नोकरीत असताना मृत्यू’ हेच निवडावं. सवयीने राजीनामा टाकला, की ईडीएलआयचा (पीएफसोबत मिळणाऱ्या विमा योजनेचा) ७ लाखांपर्यंतचा विमा अडकतो.

– एक पेरोल सल्लागार, कोल्हापूर