ठळक अक्षरं पुसून टाक

लंडन, रविवार

प्रिय बंड्या,

तुझा पर्सनल स्टेटमेंटचा, म्हणजे प्रवेश-अर्जातल्या स्वतःबद्दलच्या निवेदनाचा, मसुदा मिळाला. उघडला आणि हसूच आलं. मथळे ठळक, त्यांखाली रेघा, प्रत्येक मुद्द्याआधी काळा ठिपका. लग्नपत्रिकाच जणू! यूकासच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या पदवी-प्रवेशाच्या, फॉर्ममध्ये यातलं काही टिकत नाही रे. तिथं नुसता साधा मजकूर जातो. ठळक, तिरपं, अधोरेखित सगळं गळून पडतं, ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागासुद्धा.

माझ्या वेळी एकच सलग निबंध असायचा. 4000 अक्षरं आणि 47 ओळी, यातलं जे आधी भरेल ते. मी वर्डमध्ये अक्षरं मोजून निर्धास्त होते. फॉर्ममध्ये चिकटवलं तर अक्षरं बसली, ओळी जास्त झाल्या! परिच्छेदांमध्ये सोडलेल्या रिकाम्या ओळीही मोजल्या होत्या. रात्री साडेअकराला एकेक ओळ काढत बसले.

2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत: हा विषय का, शिक्षणानं तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंस. तिन्ही मिळून 4000 अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान 350 चं. मधल्या मोकळ्या जागाही धरतात, म्हणून वर्डमधला स्पेससहचा आकडा बघ. प्रश्न पुन्हा उतरवू नकोस, फुकट अक्षरं जातात. तू रोबोटिक्सची स्पर्धा दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही उत्तरांत घातली आहेस. एका ठिकाणची काढ. वाचणारा तिन्ही उत्तरं एकत्रच वाचतो.

आता खरं सांगू? 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड आहे' हे वाक्य हजारोंनी लिहिलेलं असणार. आणि तुझं सगळ्यात चांगलं वाक्य शेवटून दुसऱ्या ओळीत दडून बसलंय: पंखा खोललास, कपॅसिटर बदललास, तरी तो उलटाच फिरत राहिला, तेव्हा वायंडिंगची जोडणी कागदावर काढून बघितलीस. ते उचल आणि पहिल्या उत्तराच्या अगदी वर ठेव. ठळक अक्षर हातात नसलं की कुठलं वाक्य आधी ठेवायचं, एवढंच हातात उरतं.

आणि 'आपल्या विद्यापीठात' असं तीनदा लिहिलंयस, ते काढ. पाच ठिकाणी अर्ज केलास तरी पाचही ठिकाणी हेच स्टेटमेंट जातं. मित्राचं बघून एखादा परिच्छेद उचलला असशील तर तोही काढ, यूकास जुन्या अर्जांशी ताडून बघतं.

वहिनीला सांग, मास्टर्सचं वेगळं. तिथं विद्यापीठागणिक नियम वेगळे, आणि बऱ्याच ठिकाणी पीडीएफच चढवायची असते. फाँट, समास, ओळींतलं अंतर हे सगळं तिनं जरूर बघावं. तुला त्याचा उपयोग नाही.

मजकूर साध्या नोटपॅडमध्ये टाकून बघ आणि तोच मला पाठव. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई