भिंत ओली आहे तोवरच खुणा करा

मा. संपादक,
स. न.

नेरूळमधल्या आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत यंदाही जुलैत ओलावली. पलंगामागे बुरशीचे काळे ठिपके, कपाटातल्या साड्यांना कुबट वास, आणि बोट टेकवलं की पुट्टीचा पोपडा हातात. नातवाला दमा आहे, त्याचं अंथरूण आम्ही बाहेरच्या खोलीत हलवलं. हीच भिंत दोन वर्षं मे महिन्यात आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग लावून घेतली होती. दोन्ही वेळा पैसे वाया गेले. पाणी बाहेरच्या प्लास्टरच्या चिरांतून शिरत असेल, तर आतल्या रंगाने ते थांबत नाही. ओल भिंतीत कोंडते, क्षार फुलतात आणि रंग सुटतो.

ओल भिंतीतली की हवेतली, हे आधी ओळखायला हवं. पोपडे खरवडून मी स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीला लावला, चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दोन दिवसांनी काढला तर भिंतीकडच्या बाजूला थेंब. म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं. शेजारणीकडे थेंब खोलीकडच्या बाजूला धरले होते. तिची बाल्कनी बंद केलेली, कपडे घरातच वाळतात. तिचं काम सोपं आहे: कपडे एकाच खोलीत पंख्याखाली, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट सुरू, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, एसी असेल तर ‘ड्राय’वर. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. भर पावसात मात्र खिडक्या उघडून घर सुकत नाही, कारण बाहेरची हवाच ८०-९० टक्के दमट असते.

भिंतीतून ओल येणाऱ्या आमच्यासारख्यांना सोसायटीकडून दरवेळी ऐकवलं जातं, ‘तुमच्या घरातलं तुम्ही बघा.’ हे बरोबर नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं संस्थेकडेच आहे. घरातल्या न्हाणीघराची गळती सभासदाची, तिथे आम्ही हात झटकणार नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. नवी मुंबई-ठाण्यातल्या सभासदांना माझी कळकळीची विनंती, उन्हाळ्याची वाट पाहू नका. मेमध्ये भिंत कोरडी दिसते, मग पाणी नेमकं कुठून आलं होतं हे ना आपल्याला आठवतं ना ठेकेदाराला कळतं. आत्ताच ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. सभेत ठराव झाला तर हिवाळ्यात, भिंती सुकल्यावर, परांची बांधून बाहेरून काम करता येतं.

आमच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा म्हणून मी मागच्या आठवड्यात लेखी अर्ज दिला आहे. सोबत पेन्सिलीच्या खुणांचे अकरा फोटो जोडले आहेत. पोच घेतली आहे.

– एक वाचक गृहिणी, नेरूळ, नवी मुंबई