पंगसचे वजन वाढले, पण मांस किती वाढले?

मा. संपादक,

शेततळ्यात पंगस हा कॅटफिश वर्गातला मासा पाळणाऱ्यांकडे 'फॅट सप्लिमेंट'च्या बाटल्या घेऊन विक्रेते येऊ लागले आहेत. तरंगत्या खाद्याला किलोमागे थोडे तेल चोळा, एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला लागणारे खाद्य, खाली येईल, असे ते सांगतात. उत्पादन खर्चात खाद्याचाच वाटा 60 ते 70 टक्के असल्याने शेतकरी बाटली घेतो. दाव्यात तथ्य नाही असे नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो.

एक ग्रॅम तेलातून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर प्रथिने किंवा पिष्टमय पदार्थांतून सुमारे 4. खाद्यात पुरेसा स्निग्धांश असला की मासा ऊर्जेसाठी प्रथिने जाळत नाही, ती मांसवाढीला लागतात आणि कल्ल्यांवाटे पाण्यात उतरणारा अमोनियाही घटतो. सोयापेंड आणि फिशमीलचे (सुक्या माशांच्या भुकटीचे) भाव पाहता ही बचत मोलाची आहे. पण हे एका मर्यादेपर्यंतच. अमेरिकेत मिसिसिपीच्या तळ्यांत चॅनेल कॅटफिश या पंगसच्याच वर्गातल्या माशाच्या खाद्यात एकूण स्निग्धांश साधारण 5 ते 6 टक्केच ठेवतात. त्यापुढे गेले की चरबी साठते आणि बर्फात ठेवलेले मांस लवकर खवट होते. शिवाय ऊर्जा जास्त मिळाली की मासा खाणेच कमी करतो, मग प्रथिनेही कमी पडतात.

पंगस मुळातच पोटात चरबी धरणारा मासा. एफसीआर काढताना आपण किती खाद्याला किती वजन वाढले एवढेच पाहतो. ते वजन मांसाचे की चरबीचे, हे त्या आकड्यात दिसत नाही. दोन तळ्यांचा एफसीआर 1.5 असेल, पण एका तळ्यातला मासा चिरल्यावर चरबीचे गोळे निघत असतील, तर त्या तळ्यातले तेल कचऱ्यात गेले. गिऱ्हाईक अख्ख्या माशाचे पैसे मोजते आणि घरी कमी मांस नेते. पुढच्या वेळी ते रोहू घेते. फिलेट (बिनकाट्याचे काप) काढणारा व्यापारी तर दरच पाडतो.

तेलाच्या दर्जाचा प्रश्न याहून गंभीर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले तेल खवट होते. असे तेल माशाच्या शरीरातले ई जीवनसत्त्व खाते आणि यकृताला बाधते. कित्येक बाटल्यांवर तेल कशाचे आहे तेच लिहिलेले नसते. आणि हाताने चोळलेले तेल नीट मुरले नाही तर गोळी पाण्यात पडताच त्याचा तवंग पसरतो, तो आम्ही रोज पाहतो.

भारतीय मानक ब्युरोच्या मत्स्यखाद्य मानकात कॅटफिशसाठी स्वतंत्र भाग आहे. खाद्याच्या गोणीवर क्रूड फॅटची (एकूण स्निग्धांशाची) टक्केवारी छापलेली असते. मग वरून घालायच्या तेलाला घटक, स्रोत आणि मुदत छापण्याची सक्ती का नसावी? मत्स्यव्यवसाय विभागाने नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयांच्या मदतीने शेतकऱ्यांच्याच तळ्यांवर, एकाच बॅचच्या बोटुकलीवर (बोटाएवढ्या पिल्लांवर), तेल घालून आणि न घालता चाचण्या घ्याव्यात. काढणीच्या दिवशी अख्खे वजन, साफ केल्यानंतरचे वजन आणि पोटातल्या चरबीचे वजन असे तिन्ही आकडे नोंदवून ते पुढील हंगामाची बोटुकली सोडण्याआधी मराठीत प्रसिद्ध करावेत.

— एक शेततळेधारक मत्स्यपालक, ता. इंदापूर, जि. पुणे